मलपृष्ठावरचे वाक्य

डोकेदुखीची गोळी घ्यायला ती औषधांच्या दुकानात शिरली तेव्हा डोकेदुखीचे कारणही तिच्या हातातच होते – चारशे बारा पानांच्या हस्तलिखितातले एकोणचाळिसावे पान. तिथला एक शब्द सकाळपासून लागत नव्हता. तो ‘करुणा’ होता की ‘कारखाना’, यावर अख्खे प्रकरण अडून बसले होते.

“करुणा,” काउंटरपलीकडचा माणूस म्हणाला. त्याला पान उलटे दिसत होते.

“कशावरून?”

“डॉक्टरांची अक्षरं वाचून पोट भरतो मी. शिवाय हे अक्षर माझ्या मावशीचं आहे.” त्याने गोळ्यांची पट्टी कात्रीने कापली. “गोळी पाण्याबरोबर घ्या. मावशी मात्र उपाशीपोटी वाचू नका.”

तिला हसू आले नाही. निदान आपल्याला आलेले नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

मावशी म्हणजे बाई. आयुष्यभर बाईंनी कादंबऱ्या लिहिल्या आणि प्रत्येक कादंबरीतल्या माणसांना तत्त्वज्ञानाच्या चौकशीला बसवले. आता कला, प्रेम आणि चांगुलपणा यांवरचे अखेरचे चिंतन त्यांनी हाताने लिहून दिले होते. अट एकच, की विचारल्याशिवाय एक शब्दही बदलायचा नाही. पण जो शब्द वाचताच येत नाही तो विचारणार कसा? डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी त्यांचे वाचन तीन आठवडे बंद ठेवले होते आणि ते संपताच पुस्तक छपाईला जायचे होते. मुद्रिते तपासण्याचे काम तिचे. अकरा वर्षांत तिच्या नजरेतून अनुस्वारसुद्धा निसटला नव्हता. छापखान्यात तिला सगळे ‘चिमटा’ म्हणत. त्याचा तिला राग येई आणि अभिमानही वाटे.

नाइलाजाने तिने त्या औषधवाल्याला बोलावले. दुपारी दुकान बंद असताना तो छापखान्यातल्या तिच्या खोलीत येऊ लागला. त्याने हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, तिने छापील पानांवरून पेन्सिल फिरवायची, आणि अक्षर न लागल्यामुळे अक्षरजुळणी करणाऱ्याने जिथे ठिपके सोडले होते तिथे तो सांगेल ते लिहायचे. वाचणाऱ्याने आपले मत, आवाजातला चढउतार आणि जमल्यास श्वासही दाराबाहेर ठेवावा, असा त्या खोलीचा रिवाज होता. त्याला तो एक दिवसही पाळता आला नाही.

“‘चांगुलपणा कंटाळवाणा असतो, कारण त्यात नायकाला जागा नसते.’ पटतं तुम्हाला?”

“मला वेलांट्या बघायचा पगार मिळतो. पुढे वाचा.”

“‘प्रेमात पडलेला माणूस बहुधा दुसऱ्याच्या डोळ्यांत स्वतःचाच फोटो शोधत असतो.’ हे तरी?”

“पुढे वाचा.”

“म्हणजे पटतं.”

“म्हणजे पुढे वाचा.”

त्यात ते टेबल. खिडकीकडचा पाय आखूड, त्यामुळे खोडरबर दर दहा मिनिटांनी कडेकडे निघे, आणि ती पानावरची नजर न हलवता त्याला कडेवरच झेलून परत ठेवी. अशा वेळी तो वाचायचा थांबे. त्याचे वाचन सारखे अडखळते म्हणून ती वैतागे. का अडखळते, हे विचारायला तिला सवड नव्हती.

दोनशे सतराव्या पानावर शाई पसरून एक पूर्ण वाक्य ढगासारखे विरले होते. तो बराच वेळ त्यावर वाकून बसला.

“लागतंय का?”

“लागतंय... जरा थांबा.” मग त्याने हळूहळू वाचले, “‘उतरत्या टेबलावरून घरंगळणारा खोडरबर जी व्यक्ती न बघता झेलते, तिच्याकडे बघताना पहिल्यांदाच कळते, की या जगात आपल्याखेरीजही कोणी खरोखर आहे.’”

पेन्सिल थांबली. “परत वाचा,” ती म्हणाली. त्याने परत वाचले. त्याचे कान लाल झाले होते. खोलीत पंखा नव्हता, म्हणून असेल.

ते वाक्य तिने स्वतःच्या वहीत उतरवून घेतले. आणि प्रकाशकांनी पुस्तकाच्या मलपृष्ठासाठी एखादी ओळ मागितली, तेव्हा तिने क्षणाचाही विचार न करता तीच दिली.

तीन आठवडे संपले. मुखपृष्ठ-मलपृष्ठाचा नमुना बाईंकडे गेला आणि दोघांना बोलावणे आले.

काळ्या चष्म्याआडून बाई म्हणाल्या, “वाक्य चांगलं आहे. माझं नाही.”

“पण बाई, पान दोनशे सतरा...”

“माझं टेबल पन्नास वर्षं सपाट आहे. त्यावरून आजवर काहीही घरंगळलेलं नाही.”

तिने त्याच्याकडे पाहिले. तो पडद्याचे कापड न्याहाळत होता.

“शाई पसरली होती,” तो म्हणाला. “मी खरं तेच वाचलं. फक्त... पानावरचं नव्हतं.”

“अकरा वर्षं,” ती एकेक शब्द तोलत म्हणाली. “अकरा वर्षांत माझ्या हातून अनुस्वार सुटला नाही. आणि तुम्ही अख्खं वाक्य घुसवलंत, ते मी मलपृष्ठावर नेऊन बसवलं!”

“आणि ते कुणाबद्दल आहे, हे तुला कळलं नाही?” बाईंनी विचारले.

रोज स्वतःच्याच हाताने झेललेली वस्तू तिने त्या वाक्यात दहा वेळा वाचली होती आणि दहाही वेळा ती दुसऱ्याच कुणाची समजली होती.

“तू ती ओळ काढ. त्या पानावर काय होतं ते मी सांगते,” बाई म्हणाल्या. मग भाच्याकडे वळून, “आणि तू रे. दुसऱ्याच्या आडून केलेलं प्रेम फार सुरक्षित असतं, म्हणून ते चांगलं नसतं. ज्याची ओळ त्याने आपल्या तोंडाने म्हणावी. जा, बाहेर जाऊन भांडा. मला डोळ्यांत थेंब घालायचेत.”

छापखान्यापर्यंत ती त्याच्या चार पावले पुढे चालली. खोलीत येताच तिने कोरा कागद पुढे सरकवला.

“लेखी द्या. काय केलंत आणि का केलंत. सहीनिशी.”

त्याने लिहिले. चार ओळी, बराच विचार करून. तिने कागद सरळ धरला, तिरका धरला, उजेडाकडे नेला. एक अक्षर लागेना. मावशीचे अक्षर त्यापुढे छापील होते.

“हे काय आहे?”

“वाचून दाखवू?”

“तुमच्या वाचण्यावर माझा आता विश्वास राहिलेला नाही.”

“मग तुम्हीच लावा.”

“किती दिवस लागतील याला?”

“मावशीचं लागायला मला वीस वर्षं लागली. माझं... त्याहून थोडं सोपं असावं.”

ती खुर्ची ओढून बसली. वैतागून पेन्सिलीला टोक केले. “हा पहिला शब्द कोणता?”

“तुमचं नाव.”

“हे? हा तर कारखाना दिसतोय.”

“पुढचा सांगू?”

“नको. मी लावते.”

पण ती कागदाकडे बघत नव्हती. खोडरबर नेहमीप्रमाणे कडेकडे निघाला, कडेवर क्षणभर रेंगाळला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच जमिनीवर पडला.