खाडीपलीकडून आलेली एकच हाक

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तिथे होतो, म्हणून सांगतो.

सन १९५६. पौष महिना. वर्सोव्याच्या खाडीपलीकडचं मढ गाव.

मी आणि मार्तंड एम.ए.ला होतो. हॉस्टेलात जागा नव्हती. अंधेरीत सडाफटिंग पोरांना खोली कोण देणार? शेवटी मढला जानकीमावशींच्या घरी पडवीतली खोली मिळाली. रोज होडीनं खाडी ओलांडायची, मग बस, मग अंधेरीहून गाडी.

"विद्या, आपण एम.ए. होतोय की खलाशी रे?" मार्तंड म्हणायचा.

माझं नाव विद्याधर. विद्या म्हणणारा तो एकटाच.

होडी मावशींचे भाऊ बाळादादा चालवत. दिवेलागणीनंतर ती मढच्या काठाला बांधलेली असे. उशीर झाला तर वर्सोव्याहून हाक मारायची. पण तीनदा. एका हाकेला बाळादादा जागचे हलत नसत.

"खाडीत गेलेला माणूस एकदाच हाक मारतो," मावशींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "त्याला ओ द्यायची नाय."

आम्ही शहाणे. आम्ही हसलो.

त्या दिवशी मार्तंड एकटाच गेला. हॉस्टेलात दोन जागा रिकाम्या झाल्याचं कळलं होतं. त्याच्या अंगात कणकण होती, घसा तर पार बसलेला. तोंडातून शब्द फुटेना. खरं तर मी जायला हवं होतं. पण माझं लिखाण अर्धं राहिलं होतं.

"जा, आज मौनव्रत!" मी चिडवलं. तो हसला आणि मला ठोसा दाखवून निघाला.

संध्याकाळ झाली. मावशींनी दिवा लावला. मी पडवीत कान देऊन बसलो होतो.

ओहोटी लागली होती. पाण्याचा आवाज नाही. कुत्रीसुद्धा गप्प…

आणि…

"विद्याऽऽ!"

अगदी स्वच्छ. खणखणीत. मार्तंडचा आवाज.

मी ताडकन उठलो. मावशींनी माझं मनगट धरलं.

"ओ नको देऊ, पोरा. तीन होऊ दे."

आणि मलाही ते पटलं! सकाळी ज्याला बोलता येत नव्हतं, तो एवढा खणखणीत कसा ओरडेल?

आम्ही थांबलो…

दुसरी हाक आली नाही.

वर्सोव्यातच कुणाकडे तरी राहिला असेल, असं म्हणून मी झोपलो. होय, झोपलो.

सकाळी खाडीच्या चिखलात तो सापडला.

वर्सोव्याच्या धक्क्यावरचा चहावाला रडत होता. "एक शब्द बोलला नाही हो. चहासुद्धा खुणेनं मागितला. मी दुकान बंद केलं तेव्हा पाण्याशी उभा राहून रुमाल हलवत होता. मला वाटलं, होडी येतेय."

ओहोटीचं पाणी बघून तो चालत निघाला असणार. मधला खोल भाग त्याला ठाऊक नव्हता.

काठावर त्याची पिशवी होती. आत हॉस्टेलची चिठ्ठी. दोन नावं. माझं आधी.

मी ती जागा घेतली नाही.

बाळादादा म्हणत, हाक मार्तंडची नव्हतीच. मावशी म्हणत, त्याचीच होती, पण गेल्यानंतरची. कुणाचं खरं, देव जाणे. पण त्याला आवाज नाही, तीन हाका तो मारूच शकत नाही, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. मग काठावर जाऊन बघायचं सोडून मी हाका का मोजत बसलो?

आता मुलुंडला असतो. तरी पौषात, दिवेलागणीला, कधी कधी…

"विद्याऽऽ!"

एकदाच. माझी बायको उत्तरा, तिला ती हाक ऐकू येत नाही. मी गॅलरीत जातो आणि मोठ्यानं ओ देतो. "आलो रे, थांब! पाण्यात उतरू नकोस!"

खालची माणसं वर बघतात. उत्तरा हाताला धरून मला आत नेते.