रेघ आधी

विघ्नेश, तो मोबाइल खाली ठेव आधी. दिवे गेलेत तर गेले, येतील. दिव्यश्री, तू भिंतीला टेकून बस आणि पाय आत घे. खोटं वाटलं तर उद्या माझ्या दोस्ताला, मुकुंदरावाला जाऊन विचारा. तुमच्या या सुंदरराव आजोबानं आजवर थाप मारलेली नाही. म्हणजे, भुतांच्या बाबतीत तरी नाही.

तीन वर्षं झाली. मे महिन्यातला दुसरा शनिवार. आपल्या गावच्या महामहम तळ्याकाठचा रस्ता गाड्यांना बंद करून इतिहासाचा उत्सव भरवला होता. मुकुंदराव संध्याकाळी सहाला घरून निघाला. काखेत घडीचं टेबल, पिशवीत दौत, बोरू आणि कोरी कार्डं. पोरांची नावं मोडीत लिहून द्यायची, एवढंच काम. मोडी म्हणजे आपल्या तंजावर दरबारची जुनी लिपी रे. तिच्यात आधी आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं.

खरं सांगू? नावं लिहायचं निमित्त होतं. त्याची बायको, जयलक्ष्मी वहिनी, गेल्यापासून त्याच्या घरात मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. दूधवाल्याशी तमिळ, डॉक्टरशी तमिळ. मूलबाळ नाही. चुकून कुणीतरी येईल, मराठीत दोन शब्द बोलेल, ही आशा.

आणि एक गोष्ट त्याला आतून कुरतडत होती. वहिनी जुन्या वळणाची. चाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही. साठीला आल्यावर म्हणाली, "नाव घ्यायची नाही, पण लिहून दाखवीन." मोडी शिकायला बसली. पण दर वेळी अक्षरं आधी आणि रेघ मागून! एकदा चार पाहुण्यांसमोर हा खेकसला, "रेघ आधी! किती वेळा सांगू? डोक्यात काही शिरतच नाही तुझ्या!" तिनं बोरू खाली ठेवला. पुन्हा हातात धरला नाही. महिन्याभरात ती गेलीच.

तर त्या संध्याकाळी पोरं आली, नावं लिहून घेतली, "थँक्यू ताता", म्हणजे तमिळमध्ये आजोबा, असं म्हणून पळाली. मराठी कुणी बोललं नाही. सव्वाआठला शाळेच्या मुलांचा देखावा निघाला. वेदारण्यमला मीठ उचलायला चाललेले सत्याग्रही, पांढऱ्या टोप्या, ढोल. सगळा रस्ता त्यांच्यामागे गेला. याच्या टेबलापुढे चिटपाखरू उरलं नाही.

आणि दिवे गेले.

ढोल लांब जात होता. तळ्याकडून वारा येत होता. मुकुंदराव आवरायला उठला... तेवढ्यात टेबलापलीकडे कुणीतरी उभं दिसलं. बाई. डोक्यावरून पदर. तोंड दिसेना.

त्यानं सवयीनं तमिळमध्ये विचारलं, "कुणाचं नाव लिहू, अम्मा?"

"एकटेच बसलांत का हो?"

मराठी! त्याचा जीव सुपाएवढा झाला. "बसा ना बाई. कुणाच्या तुम्ही? नाव कुणाचं लिहायचं?"

"घरच्यांचं."

"सांगा की मग."

ती बोलेना.

"अहो, नाव नाही सांगितलंत तर लिहू काय?"



तेव्हा त्याला वास आला. गुडघ्याला चोळायच्या बामचा. वहिनी रोज झोपताना लावायची तो.   त्यानं बोरू पुढे केला.

"तुम्हीच... लिहा."

बोरू घेतला गेला. बोटं लागली नाहीत.

मग आवाज. अंधारात फक्त आवाज. खुर्र... खुर्र... खुर्र. तुटक, छोटा. अक्षरं.

थांबला.

आणि मग... एक लांब ओरखडा. डावीकडून उजवीकडे.

रेघ. मागून.

मुकुंदरावाच्या जिभेवर ते शब्द आले बरं का. सवयच ना! "रेघ आधी..." त्यानं दात आवळले. रडू आवरेना त्याला. मग म्हणाला,

"छान आलंय गं. फार छान."

 पलीकडून फक्त एक श्वास... सुटल्यासारखा.

दिवे आले. समोर रिकामा रस्ता. बोरू आडवा ठेवलेला. कार्डावर "मुकुंदराव", वरची रेघ वाकडी, मधेच अक्षरांत घुसलेली.

"आजोबा, दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असेल..."

कुणी, विघ्नेश? या गावात मोडी येणारा तो एकटा. आणि ऐक. ते कार्ड त्यानं देवाजवळ उभं ठेवलंय. वर काच बसवली नाही, अक्षरांना कशाचा स्पर्शही होऊ देत नाही. मी विचारलं, का रे? तर म्हणाला, पुसेल. मी हसलो. तीन वर्षांचं लिखाण कसलं पुसतंय? परवा गेलो होतो, तो कॉफी करायला आत गेला तेव्हा हळूच बोट लावलं.

दिव्यश्री, जरा टॉर्च धर इथे. हे बघ माझं बोट.

शाई अजून ओली आहे.