जागा उरली तर

"फार तर दोन वर्षं, वहिनी! त्यानंतर तुझी पिवळी कायमची जमिनीवर!"

मास्तरच्या तोंडून हे शब्द बाहेर पडले आणि वाढता वाढता वहिनीच्या हातातला डाव हवेतच थांबला...

पिवळी म्हणजे पिवळ्या शेपटीच्या विमानांची स्वस्त तिकिटांची कंपनी. अख्खं घर तिच्यावर उभं होतं म्हणा ना! थोरले, म्हणजे वहिनीचे यजमान, तिथे इंजिनं दुरुस्त करायचे, वहिनी गेटवर उभी राहून प्रवाशांना विमानात सोडायची, आणि थोरल्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे हा मास्तर, विमानांची वेळापत्रकं बनवायचा. त्याची बायको, धाकटी, तेवढी बालवाडीत शिकवायची, त्यामुळे विमानाखेरीज दुसरं काही बोलणारं घरात तेच एक माणूस!

"हे तू बोलतोयस?" वहिनी म्हणाली. "पिवळीनं तुला नोकरी दिली, तिच्याबद्दल?"

"अगं, मी शाप देत नाहीये, हिशेब सांगतोय! त्या दुसऱ्या कंपनीकडे, जांभळीकडे, नवी कोरी विमानं आहेत, इंधन कमी लागणारी. आपल्याकडे काय आहे?"

"आपल्याकडे माणसं आहेत."

"माणसं इंधन कमी पितात का?"

"चहा मात्र जास्त पितात," थोरले पुटपुटले. एरवी या वाक्यावर सगळे खो खो हसले असते. आज कुणीच हसलं नाही.

"आमच्या विमानात पाय आखडून बसावं लागतं, पाणीसुद्धा विकत घ्यावं लागतं, कबूल!" वहिनी उसळली. "पण ज्यानं जन्मात कधी विमानात पाऊल ठेवलं नाही, तो आमच्याच दारातून पहिल्यांदा आत शिरतो, मास्तर! त्याच्या चेहऱ्याकडे बघ एकदा... अशी कंपनी मरत नसते."

मास्तरनं मान खाली घातली आणि ताटातल्या घासाशी चाळा करू लागला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "जांभळी आता आपल्या डोंगरापलीकडच्या मार्गावर उतरणार आहे. तुझ्या संध्याकाळच्या विमानाच्या थोडंसं आधी त्यांचं विमान सुटेल. तिकीट तुमच्याइतकंच."

"तुला कसं ठाऊक?"

धाकटीनं पदराचं टोक तोंडाशी धरलं... आणि त्या एका क्षणात वहिनीला सगळं सगळं कळलं!

"ते वेळापत्रक... तू करणार आहेस?"

"त्यांच्याकडे रुजू होतोय, वहिनी. पुढच्या महिन्यात. मोठी जागा आहे..."

वहिनीच्या अंतःकरणात काहीतरी काचेसारखं तडकलं. ती या घरात सून होऊन आली तेव्हा हा शाळेत जाणारा, आईविना पोरका झालेला पोरगा होता. घरभर चपलांची विमानं करून उडवायचा आणि स्टेशनमास्तरासारखी प्रत्येकाला सुटायची वेळ द्यायचा, म्हणून तिनंच त्याचं नाव मास्तर ठेवलं होतं. एकदा तर त्यानं न्हाणीघराच्या दारावर वेळापत्रक चिकटवलं! दादाला इतकी मिनिटं, बाबांना इतकी, स्वतःला सगळ्यांत कमी... आणि वहिनीच्या नावापुढे फक्त तीन शब्द : 'हवा तेवढा वेळ'. किती हसली होती ती तेव्हा!

आणि तेव्हा ती स्वतः काय होती, सांगू? हवाई सुंदरी! ढगांच्या वर जाऊन सूर्य बुडताना बघणारी... पण तिची विमानं संध्याकाळची असायची, आणि संध्याकाळी हा पोरगा रिकाम्या घरात, पुस्तक मिटून, खिडकीत बसलेला असायचा. एक दिवस कुणालाही न विचारता तिनं आपला सुंदर गणवेश परत केला आणि जमिनीवरची नोकरी मागून घेतली. त्याचा अभ्यास, त्याचा ताप, त्याची परीक्षा... आभाळ सोडलं तिनं त्याच्यासाठी! आणि कधी बोलून दाखवलं नाही.

आजही ती ते बोलली नाही. म्हणाली एवढंच, "ज्या विमानाच्या दाराशी मी उभी असते, त्याच्यासमोर तू दुसरं नेऊन उभं करणार... कर बाबा. पण तुझ्या त्या जांभळीची पायरी मी या जन्मात चढणार नाही!"

मास्तर डोंगरापलीकडच्या शहरात निघून गेला, आणि वहिनीनं त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याचा फोन आला की थोरल्यांच्या हातात देऊन ती गॅलरीत जायची आणि वाळलेले कपडे पुन्हा पुन्हा झटकत बसायची.

आणि त्यानं सांगितलं होतं अगदी तस्संच घडलं! जांभळीचं चकचकीत विमान पिवळीच्या आधी सुटू लागलं, आणि वहिनीच्या गेटसमोरच्या खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या. कर्मचाऱ्यांच्या कँटीनमध्ये दुसरा विषयच उरला नाही.

"मी सांगतो, दिवाळं वाजणार," सामान चढवणारा दाढीवाला म्हणायचा. "आज विमानाच्या पोटात बॅगा कमी आणि वारा जास्त होता!"

"अरे, स्वस्तात उडणारे नेहमीच राहणार," कप्तान, म्हणजे पिवळीचे सर्वांत जुने वैमानिक, समजावायचे. "प्रश्न एवढाच, की त्यांना उडवणारे आपण राहणार की दुसरं कुणी."

"वा! म्हणजे धीर दिलात की बुडवलंत?"

"वहिनीला विचारा!" मागून कुणीतरी टोमणा मारायचं. "त्यांच्या घरचाच माणूस तिकडे सूत्रं हलवतोय."

ते वाक्य सुरीसारखं आत जायचं. वहिनी कप उचलून धुवायला जायची, नळ पूर्ण सोडायची, म्हणजे डोळ्यांतलं पाणी कुठलं आणि नळाचं कुठलं ते कुणाला कळू नये... तरी परतल्यावर टेबलावर हात आपटून सांगायची, "लोकांच्या विश्वासावर पिवळी उभी आहे! आपलं विमान भरणार! मी या डोळ्यांनी भरलेलं बघणार!"

आणि एके दुपारी धाकटीचा फोन आला. या खेपेला वहिनीनं तो थोरल्यांकडे दिला नाही, कारण पलीकडून आधी हुंदकाच ऐकू आला.

"ताई... हे ऑफिसात कोसळले. हृदयाची झडप निकामी झालीय म्हणतात. उद्या सकाळी ऑपरेशन... ताई, हे सारखं तुमचंच नाव घेतायत हो!"

राग, अबोला, शपथ... सगळं कुठल्या कुठे वाहून गेलं! थोरले कामावर हँगरमध्ये होते. सुट्टी मिळताच मागून येतो म्हणाले. वहिनीनं पिशवीत दोन कपडे कोंबले आणि ती विमानतळावर धावली. रस्त्यानं जायचं तर डोंगराला भलामोठा वळसा. ऑपरेशनआधी पोचायचं तर संध्याकाळचं विमान हाच एक मार्ग. तिकीट काढायचा विचारही तिच्या मनात आला नाही. कर्मचाऱ्यांना फुकट प्रवास असतो ना, फक्त एका अटीवर : जागा उरली तर! आणि हल्ली जागाच जागा असायच्या, अर्धं विमान ओस जायचं.

पण गेटपाशी येऊन बघते तो काय... माणसंच माणसं! बाकं भरलेली, भिंतीला टेकून उभे असलेले, पिशव्यांवर बसलेले, कडेवरची पोरं...

"वहिनी!" गेटवरची तिची सहकारी, सगळे जिला चिमणी म्हणायचे ती, आनंदानं चिवचिवली. "जांभळीनं आजपासून संध्याकाळचं विमान काढून टाकलं! सकाळी नेलं म्हणे! सगळी गर्दी आपल्याकडे! जिंकलो आपण, वहिनी!"

ज्या दृश्यासाठी तिनं इतके दिवस देवाचा धावा केला होता, ते दृश्य आज समोर उभं होतं... आणि तिच्या पायांखालची जमीन सरकत होती! तिनं चिमणीला सगळं सांगितलं. चिमणीचा चेहरा उतरला. पडद्यावर बोटं फिरवत ती म्हणाली, "एकही तिकीट शिल्लक नाही हो... थांबा, थांबा! एक प्रवासी अजून आलेला नाही. गेट बंद करायची वेळ होतेच आहे. नाही आला, तर ती खुर्ची तुमची!"

वहिनी गेटच्या कडेला पिशवी छातीशी धरून उभी राहिली. इतकी वर्षं ती ज्या दाराच्या अलीकडे उभी राहिली, त्याच्या पलीकडे जाण्यासाठी आज तिचा जीव तुटत होता. शेवटचे प्रवासी आत गेले. चिमणीनं तिला खुणेनं जवळ बोलावलं आणि दार लावायला हात पुढे केला...

तेवढ्यात वहिनीला तो दिसला. लांब मार्गिकेच्या पार टोकाला, हातातली नमुन्यांची पेटी मांडीवर आदळत, धापा टाकत धावत येणारा एक विक्रेता. चिमणीची त्याच्याकडे पाठ होती. दुसऱ्या कुणीही त्याला पाहिलं नव्हतं. फक्त वहिनीनं!

काही न बोलता आत जाता आलं असतं. वेळ झालीच होती, नियमही तिच्या बाजूनं होता... त्याला कुठे जायचं होतं? कुठे का जायचं असेना! पण त्यानं त्या खुर्चीवर विश्वास ठेवला होता. याच विश्वासावर पिवळी उभी आहे, असं कँटीनमध्ये टेबलावर हात आपटून कोण सांगत होतं?

"थांब गं," वहिनीनं चिमणीचा हात धरला. "एक जण येतोय."

"वहिनी, वेड लागलंय का तुम्हाला!"

"येतोय तो. येऊ दे."

विक्रेता घाम पुसत आत गेला. दार लागलं. काचेपलीकडे पिवळी शेपटी हळूहळू मागे सरकू लागली, आणि वहिनी काचेला कपाळ टेकून उभी राहिली... तेव्हाच तिच्या पिशवीत फोन वाजला.

"वहिनी..." किती क्षीण आवाज तो! "धाकटी म्हणते, तू निघालीस. आहेस कुठे?"

"गेटवर. जागा नाही उरली रे."

त्यानं हळूच विचारलं, "म्हणजे... भरलं?"

"शेवटच्या खुर्चीपर्यंत!" रडत रडतच तिला कसलासा अभिमान दाटून आला. "पळाली तुझी जांभळी! दोन वर्षं म्हणत होतास ना? हरलास, मास्तर!"

"हरलो, वहिनी," तो हसला, त्या हसण्याला खोकला लागला. "हरून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं."

"गप्प राहा, दम लागतोय तुला. मी सकाळी येते. तुझ्या जांभळीनं येते!"

"पायरी चढणार?"

"चढते रे बाबा... तुझ्यासाठी काय चढले नाही आणि काय उतरले नाही!"

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "सगळं ठाऊक आहे. सकाळचं विमान चांगलं आहे, वहिनी. खिडकीपाशी बस. सूर्य दिसतो."

सकाळी ती खिडकीपाशी बसली. विमान अगदी वेळेवर सुटलं आणि ढगांच्या वर आल्यावर सगळं सोनेरी सोनेरी झालं... किती वर्षांनी बघत होती ती हे! उतरल्या उतरल्या ती इस्पितळात धावली. पण डॉक्टरांनी ऑपरेशन अलीकडे घेतलं होतं. मास्तरला आत नेलं होतं. बंद दारासमोरच्या बाकावर धाकटी एकटी बसली होती.

"ताई, तुम्हाला एक सांगायचंय," तिचे हात हातात घेऊन धाकटी म्हणाली. "ते नको म्हणाले होते... पण माझ्यानं ते पोटात ठेववत नाही. जांभळीचं विमान आपणहून नाही हललं. साहेब म्हणत होते, अजून थोडे महिने तोटा सोसू, पिवळी आपोआप बसेल. तेव्हा हे भर बैठकीत उभे राहिले. म्हणाले, दोन अर्धी विमानं एकमेकांच्या मागे पळवून कुणाचंच भलं होणार नाही. सकाळी या मार्गावर कुणीच नाही, आपण सकाळी जाऊ. साहेब ऐकेनात, तर हे म्हणाले, मग संध्याकाळचं वेळापत्रक दुसऱ्याकडून करून घ्या. शेवटी विमान हललं, ताई... पण यांची खुर्ची काढून घेतली. कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं."

"मला... मला का नाही सांगितलं त्यानं?"

"मी तेच म्हटलं. तर म्हणाले, सांगू नकोस. तिला जिंकू दे."

तिला जिंकू दे!... आणि काल तिनं त्याला काय ऐकवलं होतं? हरलास, मास्तर! ज्या गर्दीनं तिची खुर्ची हिरावली, ती गर्दी त्यानंच तिच्या दारात आणून उभी केली होती. तिनं एकदा त्याच्यासाठी आपल्या संध्याकाळी दिल्या होत्या. त्यानं तिची संध्याकाळ तिला परत केली होती. हवी तेवढी.

"बाहेर येऊ दे त्याला," ती धाकटीला कवटाळून म्हणत राहिली, "पाय धरीन मी त्याचे, कान धरीन..."

दार उघडलं. डॉक्टरांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. त्यांनी काही बोलायच्या आधीच वहिनी उठून उभी राहिली, आणि उभीच राहिली.

धाकटी आता वहिनीकडेच राहते, जवळच्या बालवाडीत शिकवते. थोरले फारसे बोलत नाहीत. कँटीनमधला वाद अजून संपलेला नाही. आता म्हणे एक तिसरी कंपनी येतेय, दोघींपेक्षाही स्वस्त.

"संपलं सगळं!" दाढीवाला म्हणतो. "वहिनी, तुम्ही सांगा, किती टिकेल आपली पिवळी?"

पूर्वी टेबलावर हात आपटणारी वहिनी आता हळूच कप खाली ठेवते. "ते मला नाही रे सांगता येत. सांगणारा गेला. माझं गेट उघडायची वेळ झाली."

संध्याकाळी प्रवासी आत जातात. चिमणी पडद्यावरचा आकडा बघते आणि दार लावायला हात पुढे करते. पण वहिनी तिला क्षणभर थांबवते, रोज... आणि त्या लांबलचक, रिकाम्या मार्गिकेच्या टोकाकडे बघते. कुणी धावत येत नाही.

"लाव," ती म्हणते. आणि मग चिमणीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू,

"भरलं रे, मास्तर."