पत्र्याच्या शेडातला बाक

गुरुलिंग अंघोळ उरकून येईपर्यंत नीलाबाईनं पत्र्याच्या शेडातली आपली बाज उचलून बाहेर आणली होती, वाकळ गुंडाळून ठेवली होती, विभूतीची डबी पदराखाली घेतली होती... आणि रिकाम्या झालेल्या जागेवर ती खराटा फिरवत होती.

"शेड मोकळं करावं लागंल," तो दारात उभा राहून, कुणाकडंच न बघता म्हणाला. "गॅरेज टाकायचंय घरीच. हितं कामाचा बाक बसवतो."

"केलंय मोकळं," नीलाबाई हळूच म्हणाली. "मी चुलीपाशी पडत जाईन. तिथं ऊब बी राहते."

क्षणभर तो घुटमळला. काहीतरी बोलावं असं त्याला वाटलं असेल, नसेल. हातातली टेप उलगडून तो भिंतीची लांबी मोजू लागला, आणि नीलाबाई उंबऱ्याबाहेर उभी राहून त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडं पाहत राहिली. तेच रुंद खांदे, मान तशीच थोडी डावीकडं कललेली... शिवलिंगअप्पाच जणू परत येऊन आपल्या शेडात उभे राहिले होते!

शिवलिंगअप्पांची ती दुसरी बायको. पहिली जगदेवी तापानं गेली तेव्हा गुरुलिंग नुकता चालायला लागला होता. नीलाबाई लग्न करून या घरात आली ती नवऱ्यापेक्षा त्या लेकराचीच होऊन गेली. तिला स्वतःचं मूल झालं नाही आणि त्याचं दुःखही कधी झालं नाही. पण इंजिनं दुरुस्त करणारे शिवलिंगअप्पा अचानक छातीत कळ येऊन गेले, आणि पाठोपाठ तो बहात्तरचा दुष्काळ आला. लातूरच्या विहिरींनी तळ दाखवला. नीलाबाई खडी फोडायला जाऊ लागली. पोरगं दिवसभर उपाशी, तापल्या पत्र्याखाली एकटं... तेव्हा उदगीरहून त्याचा मामा ईश्वरप्पा आला आणि म्हणाला, "आमच्याकडं अजून थोडी ज्वारी हाय. पोराला नेतो. जगंल तरी."

जगेल तरी! या दोन शब्दांपुढं त्या माउलीचं सारं वात्सल्य हतबल झालं. पदराला घट्ट धरून बसलेली त्याची बोटं तिनं स्वतःच्या हातांनी सोडवली आणि त्याला एस.टी.त बसवून दिलं. पाऊस पडला की आणू, असं तिनं मनाशी म्हटलं होतं. पाऊस पडला, ती उदगीरला गेलीही. पण ईश्वरप्पानं तिला दारातूनच परत लावलं. "रमलाय तो आता. कशाला त्याला पुन्हा रडवता?" गल्लीच्या टोकाला पोरांत खेळणारा गुरुलिंग तिनं लांबूनच डोळे भरून पाहिला आणि ती मागं फिरली. रमला असेल तर बरंच झालं... विसरला असेल तर तेही बरंच!

आता वर्षं लोटली होती. लातूरचा जिल्हा झाला होता. नवी कचेरी, नवे साहेब, त्यांच्या जीपगाड्या... उदगीरच्या गॅरेजात हात काळे करून शिकलेल्या गुरुलिंगानं ओळखलं की आता काम इथंच मिळणार, आणि तो बायकोला घेऊन बापाच्या घरी परतला. बायको म्हणजे मामाचीच लेक, महादेवी. नीलाबाईनं दोन्ही खोल्या त्या दोघांना दिल्या आणि ती शेडात राहायला गेली. तो तिच्याशी वाईट वागत नव्हता. तिच्याशी तो वागतच नव्हता. तिनं वाढलेलं जेवायचा, आजारपणात तिच्यासाठी गोळ्या आणून कोनाड्यात ठेवायचा. पण लहानपणी आई म्हणून मारायचा ती 'अव्वा' ही हाक मात्र एकदाही मारत नव्हता.

बाकाचं काम सुरू झालं. रेल्वेच्या भंगारातून त्यानं रुळांखालचे जुने, काळे, लोखंडासारखे जड लाकडी स्लीपर आणले. रंध्याखाली त्यांच्या आतलं तांबूस लाकूड दिसू लागलं तसा शेडभर एक उग्र, तेलकट वास दरवळला. बाभळीच्या ठोकळ्यांचे चार पाय त्यानं केले, त्यांना आडव्या पट्ट्या ठोकल्या, खाली अवजड सामानासाठी फळी टाकली. भिंतीवर दुसरी फळी लावून पानं, हातोड्या, कानशी अडकवायला तिच्यावर खिळे मारले. नीलाबाई चुलीपाशी बसून सारं ऐकायची. रंधा कुठं अडतोय, खिळा कुठं वाकला, हे तिला आवाजावरून कळायचं. मग ती निमित्त काढून पाणी घेऊन जायची, आणि लाकूड हलत असेल तर न सांगता दुसरं टोक धरायची. तो "राहू द्या" म्हणायचा नाही. तेवढ्यावर तिचा दिवस गोड व्हायचा!

एक दिवस महादेवी पाण्याला गेली होती. गुरुलिंगानं बाजारातून एक जुना वाईस आणला होता. लोखंड जबड्यात गच्च धरून ठेवणारं ते अवजार त्यानं फिरवून पाहिलं, आणि त्याचा आटा घसरलेला दिसताच तो एकदम भडकला.

"माझ्या बापाचा वाईस असा नव्हता! लहान होतो तरी ध्यानात हाय माझ्या. पानं, छिन्न्या, सगळी हत्यारं कशी चकचकीत असायची. एवढं तरी ठेवायचं होतं पोरासाठी... तेवढंबी विकून खाल्लं न्हवं तुम्ही!"

नीलाबाईच्या हातातला तांब्या कलला.

विकून? ती हत्यारं तर तिनं गुरुलिंगाच्या मागोमाग उदगीरला पाठवली होती! दुष्काळात लोक अंगावरचं विकत होते तेव्हाही तिनं हत्यारांच्या त्या पोत्याला हात लावला नव्हता. पोरगं बापाच्या हत्यारांवर शिकेल, स्वतःच्या पायावर उभं राहील, म्हणून अडतीवरच्या ओळखीच्या ट्रकवाल्याकरवी तिनं ते पोतं ईश्वरप्पाच्या दारात पोचवलं होतं... मग?

मग एका क्षणात तिला सारं कळलं. शब्द तिच्या ओठांशी आले. पण त्याच वेळी घागर कमरेवर घेऊन सावकाश पावलं टाकत येणारी महादेवी दारातून दिसली. पोरीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण, बाप तिला माहेरी न्यायला चारआठ दिवसांत येणार होता. आज जर हे बोललं, तर या तापट पोराचं नि मामाचं जन्माचं तुटणार, आणि या गरीब गाईचं माहेर ऐन बाळंतपणात बंद होणार. शिवाय मामाशिवाय गुरुलिंगाला तरी दुसरं होतं कोण? ज्या घरानं त्याला वाढवलं ते घरच खोटं होतं, हे त्याला कळून त्याच्याजवळ उरणार काय?

"चुकलं माझं," नीलाबाई म्हणाली, आणि आत जाऊन चुलीतला धूर डोळ्यांत गेल्याचं निमित्त करून पदर तोंडाला लावून बसली.

ईश्वरप्पा आला तो दुपारच्या गाडीनं, धोतर सावरत, लेकीसाठी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. जेवणं झाल्यावर जावयानं त्याला कौतुकानं शेडात नेलं. महादेवी मागोमाग गेली. नीलाबाई ताक घेऊन दाराशी आली.

"झकास!" बाकाच्या सांगाड्यावर हात फिरवत ईश्वरप्पा म्हणाला. "वरची फळी टाकली की झालं की. वाईस तेवढा खिळखिळा वाटतो बाबा."

"काय करणार मामा? बापाचा वाईस असता तर ही पाळी आली नसती. तुम्हीच सांगितलं होतं न्हवं मला तवा, हिनं सगळी हत्यारं विकली, माझं काहीच ठेवलं न्हाई म्हणून?"

ईश्वरप्पाचा बाकावरचा हात तसाच थबकला आणि मान हळूहळू खाली गेली. नीलाबाईनं घाईघाईनं ताकाचा गिलास पुढं केला. "जाऊ द्या जुनं. घ्या अण्णा, ताक घ्या..."

"अप्पा," महादेवी बापाला म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. "आपल्या ओसरीत एक पोतं आलं होतं. ट्रकमधून दोघांनी उतरवलं. हे साळंत गेलते तवा. मी वर चढून बसले तर आतलं लोखंड लागलं पायाला. आमच्या अव्वानं हळद लावली होती... आणि मग ते भंगारवाल्यानं नेलं. ते कुणाचं होतं, अप्पा?"

"म्हादेवी, गप बस पोरी!" नीलाबाई कळवळून ओरडली. "लहान होतीस तू, तुला काय आठवतंय..."

"आठवतंय आत्याबाई. तुम्ही काऊन झाकायलाव? अप्पा, खरं बोला!"

ईश्वरप्पा बाकाच्या पायाशी मटकन खाली बसला. डोक्याचं पागोटं काढून त्यानं मांडीवर ठेवलं. त्या उघड्या, पांढऱ्या डोक्याकडं बघून नीलाबाईला गलबलून आलं.

"तिचंच होतं," तो म्हणाला. "हिनंच पाठवलं होतं, गुरूसाठी. आमची ज्वारी बी संपली मग. पाच तोंडं घरात. विकलं मी. दाणे आणले."

"आणि नाव हिच्यावर घातलं?" गुरुलिंगाच्या कपाळाची शीर ताठरली. "का मामा? माझ्यापुढं असं खोटं का बोललात?"

"तू जेवत नव्हतास रं!" ईश्वरप्पाचा बांध फुटला. "अंधार पडला की दाराशी जाऊन बसायचास. अव्वाकडं जायचं, अव्वाकडं जायचं... एकच धोसरा. हाडं वर आली होती तुझी. म्हणलं, हिच्यावरून मन उठलं तर घास तरी गिळंल. एकदा बोललो... आणि खरंच, त्या दिवसापासून तू जेवायला लागलास. मग माघारी कसं घ्यावं ते मला कळलंच न्हाई! ही दारात आली तवा बी तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून बाहेरच्या बाहेर लावून दिली..."

"उठा," गुरुलिंग म्हणाला. "आत्ताच्या आत्ता उठा, आणि पुन्हा या घराची पायरी..."

"गुरू!"

कित्येक वर्षांत त्या घरानं नीलाबाईचा असा आवाज ऐकला नव्हता. ती पुढं झाली आणि मामा-भाच्याच्या मध्ये उभी राहिली. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कोणत्या तरी निराळ्याच गोष्टीनं तिचं अंतःकरण ओसंडून वाहत होतं.

"अण्णा," तिनं विचारलं, "रडायचा...? माझ्यासाठी रडायचा हा?"

"रोज," ईश्वरप्पा म्हणाला.

नीलाबाईनं डोळे मिटले. इतकी वर्षं तिला वाटत होतं की लेकरू रमलं, विसरलं, तिचा हात सुटला तो सहज सुटला! हत्यारं गेली, नाव बद्दू झालं, त्याचं काय एवढं... पण तिचं लेकरू तिच्यासाठी दाराशी बसून रडलं होतं! मिटल्या पापण्यांतून धारा वाहू लागल्या.

"ऐक गुरू," ती म्हणाली. "त्या पोत्याची ज्वारी झाली. ती ज्वारी कुणाच्या पोटात गेली? तुझ्या बी गेलीच की. तुझ्या बापाच्या हत्यारांनी तुला जगवलं बाबा, वाया न्हाई गेली ती. आणि या माणसानं तुला उपाशी न्हाई ठेवलं. स्वतःची लेक दिली तुला. त्याला दारातून घालवायचं न्हाई. मला घालवलं होतं ना, मला ठाव हाय ते कसं असतं."

गुरुलिंग तिच्याकडं पाहत राहिला. तेलानं काळे झालेले आपले हात त्यानं दोनदा पुढं केले, दोनदा मागं घेतले... आणि मग एखाद्या लहान पोरासारखा तिच्या पायाशी कोसळला.

"अव्वा... तुला चुलीपाशी निजवलं गं मी! आणि तू म्हणालीस, चुकलं माझं..."

"उठ. ताक सांडशील," ती रडता रडता हसली.

महादेवी मात्र भिंतीला टेकून उभी होती. "मी उदगीरला न्हाई जाणार," ती बापाकडं न बघता म्हणाली. ईश्वरप्पा पागोट्याचा काठ चाचपत राहिला. नीलाबाई तिच्याजवळ गेली, तिच्या केसांवरून हात फिरवला. "राग हाय तवर राहा हितं. मी हाय की. पण अण्णा बी राहतील चार दिवस. आईला बी बोलावून घेऊ तुझ्या. बाळ दोन्ही घरांचं हाय."

आणि खरोखरच ईश्वरप्पा राहिला. महादेवी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही; तिसऱ्या दिवशी तिनं त्याचं अंघोळीचं पाणी काढून ठेवलं. तेवढंच. पण त्या पाण्याला हात लावताना म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

त्याच दिवशी बाकाची वरची फळी चढवायची होती. जड स्लीपर एकट्याला उचलणं शक्यच नव्हतं. गुरुलिंगानं एक टोक धरलं, दुसरं मामानं, आणि नीलाबाई मध्ये खांदा देऊन उभी राहिली. "हळू... माझ्याकडं... आता सोडा!" फळी सांगाड्यावर बसली तसा दणकन आवाज झाला, आणि पत्र्यावरची चिमणी भुर्रकन उडाली. बोल्ट आवळले. गुरुलिंगानं दोन्ही हातांनी बाक हलवून पाहिला. जागचा ढळला नाही.

वाईसचा आटा त्यानं नवीन पाडून घेतला होता. वाईस बाकाच्या कडेला ठेवून तो थांबला.

"अव्वा, बाप वाईस किती उंच बसवायचा?"

"आकडा मला ठाव न्हाई," नीलाबाई म्हणाली. "ये, सरळ उभा राहा. हात वाकव."

ती त्याच्याजवळ आली, आणि वाकवलेल्या हाताचं कोपर तिनं आपल्या तळव्यात धरलं. जबड्याचा वरचा काठ बरोबर तिथं यायला हवा होता. कानस घासताना मग पाठ दुखत नाही. वाईसखाली दोन बोटं जाडीचा तुकडा घालावा लागेल, ती म्हणाली.

मामानं लाकडाचा तुकडा शोधायला सुरुवात केली. तो सापडायला बराच वेळ लागला, आणि तोवर गुरुलिंगानं हात खाली घेतला नाही... तिनंही सोडला नाही.