काही नाही, गवत

बाळकुमच्या भोईरांच्या ऋतिकाचं लग्न झालं, ते साल दोन हजार चोवीस. मे महिना होता. त्या आठवड्यात बाळकुमात इतक्या हळदी होत्या की एका मांडवातला बॅन्जो वाजला की शेजारच्या मांडवातले लोक नाचत होते. आणि अशा गडबडीत वर्तकनगरची कादंबरी टिपणीस चुकीच्या मांडवात शिरली.

तिला जायचं होतं ऑफिसातल्या हेमांगीच्या हळदीला. गल्ली बरोबर होती, मांडव शेजारचा निघाला. आत पाऊल टाकताच कुणा मावशीनं तिचा हात धरून ताटापाशी नेलं आणि कादंबरीनं समोरच्या नवरीच्या गालाला हळद लावलीसुद्धा. मग नवरीनं मान वर केली. ती हेमांगी नव्हती.

"तुम्ही कोणाकडनं?" मागून आवाज आला.

उंच, सावळा मुलगा. पांढऱ्या कुर्त्यावर हळदीचे पंजे उमटलेले. हा ऋतिकाचा भाऊ, हितेश.

"मी... मुलीकडची," कादंबरी म्हणाली.

"मुलीकडचा तर मी आहे. तुम्हाला कधी बघितलं नाही."

"मग मुलाकडची."

"मुलाकडचे उद्या येणार."

आता कुठं पळावं, हे तिला सुचेना. "हेमांगीचा मांडव कुठला हो?"

"शेजारचा. पण लावलेली हळद परत घेता येत नाही. आता जेवूनच जायचं." तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसले, ओठ मागून.

खुर्चीत बसलेले त्याचे आजोबा, राघो भोईर, सगळं बघत होते. सगळा जन्म मिठागरात आणि भातखाचरात गेलेला माणूस. त्यांनी तिला जवळ बोलावलं. "कनची गो तू?"

"वर्तकनगरची, आजोबा."

"मटान खातंस काय?"

"खाते."

"मंग आपलीच हाय," म्हातारा म्हणाला आणि त्यानं विषय संपवला.

जेवायला हितेश तिच्या शेजारीच बसला. "काम काय करता?"

"गाड्यांच्या इंधनाचा धूर मोजते."

"सायलेन्सरला नाक लावून?"

"नाही, शेतापासून. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल घालतात ना, उसाचं, मक्याचं? तो मका पिकवताना किती धूर झाला, गाडीत जळताना किती, हे मोजायचं. शिवाय त्या शेतात आधी जे निघायचं ते आता कुठून आणतात, तेही बघायचं. त्याला दुसरीकडं जागा लागते. तिथं कुणीतरी झाडं तोडतं. तो धूर या मक्याच्या नावावर लिहावा लागतो."

"म्हणजे मी या खुर्चीवर बसलो, तर इथला माणूस उठून दुसऱ्याला उठवणार?"

"तसंच."

"मग मी इथं बसलोय म्हणून कोण उभं आहे?"

"तुमचे पाहुणे. त्यांना वाढायचं सोडून तुम्ही इथं बसलायत."

तो उठला नाही. म्हणाला, "मग तर तुम्ही माझ्याकडं येणारच. मुरबाड रोडला आमची टेकडी आहे. एक कारखाना मका मागतोय."

भोईरांची बाळकुमची शेती टॉवरांखाली गेली, तेव्हा त्यांनी कल्याणच्या पुढं ही टेकडी घेतलेली. भातखाचरांच्या वरच्या अशा उताराला तिकडं वरकस म्हणतात. ठाण्यात हितेशला लोक "बिल्डरला जमीन दिलेल्यांचा मुलगा" म्हणूनच ओळखत, आणि ती ओळख त्याला टोचायची. त्याला स्वतःच्या हातानं काहीतरी पिकवायचं होतं.

कारखान्याच्या मक्याचं इथेनॉल ठाण्या-कल्याणच्या गाड्यांच्या पेट्रोलात जाणार होतं. ते इंधन खरंच स्वच्छ आहे का, हे कादंबरीच्या संस्थेनं सांगायचं होतं, आणि जमिनी पाहण्याचं काम नेमकं तिच्याकडं आलं. तोवर दोघांचं चार वेळा फोनवर बोलणं, दोन वेळा चहा झालेला होता. "तुम्ही"चं "तू" केव्हा झालं, ते दोघांनाही आठवत नाही.

महिना सरता सरता ती टेकडीवर गेली. ऊन मी म्हणत होतं. उतार उघडाबोडका, मातीत नुसते वाळलेले खुंट. चढताना हितेश एकदम म्हणाला, "तुझ्या आईला मी काय सांगणार, काय करतो म्हणून?"

"माझ्या आईला तू कशाला काही सांगायचंस?"

"सहज... विचारलंच त्यांनी तर. मका लागला की सांगता येईल, शेतकरी आहे."

कादंबरी पुढं चढत राहिली. पण तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि ते उन्हानं नव्हतं. जरा वेळानं तिनं कामाचा आवाज काढला. "या जमिनीत आत्तापर्यंत काय व्हायचं?"

"काही नाही. गवत."

त्याच्या मनात काही लपवायचं नव्हतं. त्याच्या माणसांत भात हे पीक, वाल हे पीक, मीठसुद्धा पीकच. गवताला कुणी पीक म्हणत नाही. ते आपसूक उगवतं, दिवाळीनंतर कुणीतरी येऊन कापून नेतं.

पुढचा प्रश्न विचारणं हेच कादंबरीचं काम होतं. ते गवत कोण नेतं? नेऊन काय करतं? प्रश्न ओठांपर्यंत आला. पण तिच्या ओढणीत कुसळं शिरली होती आणि हितेश मातीत गुडघे टेकून ती एकेक करून काढत होता, मान खाली घालून, कापड ओढलं जाऊ नये म्हणून जपत. ती त्याच्या केसांतल्या धुळीकडं बघत राहिली. प्रश्न तसाच गिळला. संध्याकाळी तिनं लिहून टाकलं की जमीन पडीक आहे, कशाच्याही वापरात नव्हती.

मका लागला. हितेशनं आजूबाजूच्या शेतकऱ्यांनाही तयार केलं. त्यांच्याही वरकस जमिनींवर मका आला. ऑगस्टात एकदा ते दोघं शेतातल्या राखणीच्या माळ्यावर अडकले, चारी बाजूंनी पाऊस आणि खाली मक्याच्या पानांची सळसळ. माळा एकाच माणसाला पुरेल एवढा होता.

"सरक जरा," कादंबरी म्हणाली.

"सरकलो तर खाली पडेन."

"मग पड."

"आणि पडलो तर?"

"...मग मलाही उतरावं लागेल. मला भिजायचं नाही."

तो सरकला नाही. तिनंही पुन्हा सांगितलं नाही. पावसाच्या आवाजात त्यानं विचारलं, "माझ्या घरी येशील? कायमची?" ती म्हणाली, "आधी आईला विचार." पण तिचा हात त्याच्या हातात होता, आणि तो काढून घेण्याची तिला घाई नव्हती.

मक्याचा पहिला ट्रक कारखान्यात गेला आणि दिवाळीत हितेश वर्तकनगरला गेला. शुभदाताई, कादंबरीची आई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी त्याला फराळ दिला, तो दोन चकल्या खाईपर्यंत थांबल्या आणि मग विचारलं, "तुम्ही करता काय?"

"मका पिकवतो, काकू. गाड्यांसाठी."

"गाड्या मका खातात?"

"पितात."

शुभदाताईंना हसू आवरलं नाही. नंतर मुलीला म्हणाल्या, "सरळ आहे गं मुलगा. बोलताना माझ्याकडं बघत होता, टीपॉयकडं नाही." लग्न मे महिन्यात करायचं ठरलं. राघो आजोबा त्या दिवसापासून तिला "सूनबाय" म्हणू लागले.

फेब्रुवारीत संस्थेनं जमिनी पुन्हा पाहायला सांगितलं. हितेश त्या दिवशी आजोबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता, म्हणून कादंबरी एकटीच गेली. त्यांच्या टेकडीवर सगळं ठीक होतं. पण समोरची टेकडी, सरकारी रान, तिथं मागच्या वर्षी ऐनाची दाट झाडी होती. आता मधोमध मोठा काळा डाग पडला होता. झाडं तोडलेली, पाला जाळलेला.

खाली रस्त्यावर एक टेम्पो उभा होता, आणि टेम्पोपाशी एक बाई माणसांवर ओरडत होती. ती मंजुळाबाई, कल्याणला तिचा म्हशींचा तबेला. कादंबरीनं विचारलं तेव्हा तिनं काही लपवलं नाही.

"गवतासाठी जाळलंय. जाळलं की पावसात चांगलं येतं. इतकी वर्षं गवत समोरनं न्यायचे मी, भोयरांच्या टेकडीवरनं. शेजारच्यांकडनंपण. आता सगळ्यांनी मका लावला. तुमच्या गाड्या मका पितात म्हणे. पण माझ्या म्हशी काय पेट्रोल पीत नाहीत, बाई."

कादंबरी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. जे शोधायचा तिला पगार मिळत होता, ते समोर होतं. आणि मे महिन्यात न विचारलेल्या एका प्रश्नानं ते तिथं आणून ठेवलं होतं.

हे खरं लिहायला हवं होतं, त्याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. शंका एकच होती, हितेशला आधी सांगायचं का. सांगितलं तर तो म्हणेल, लग्न होईपर्यंत थांब. त्यानं तसं म्हटलं की आपण थांबू. त्याच्यासमोर आपलं काय होतं, ते तिनं मे महिन्यात बघितलं होतं. म्हणून ती बोलली नाही. त्या आठवड्यात तो दोनदा भेटला, लग्नाच्या हॉलबद्दल बोलला, तिनं मान डोलावली. आणि सोमवारी तिनं आपली चूक कबूल करून नवा अहवाल पाठवला.

कारखान्यानं वरकस जमिनींचा मका घेणं बंद केलं. हितेशला ते कळलं कल्याणच्या बाजारात, सगळ्या शेतकऱ्यांच्या समोर. कुणीतरी विचारलं, "तुझी होणारी बायकोच ना ती? तुला काही बोलली नाय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं कल्याणच्या एसटी स्टँडजवळच्या रसवंतीत बसले. रसाचे ग्लास समोर तसेच.

"मला सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"तू म्हणाला असतास, लग्नापर्यंत थांब."

"म्हणालो असतो?"

"मला तसं वाटलं."

"म्हणजे माझ्या तोंडचं तूच बोललीस, आणि रागावलीसही तूच. मला चान्स तरी द्यायचा." तो मोठ्यानं बोलत नव्हता. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. "मंजुळाबाईचं कळलं असतं तर मीच मका थांबवला असता. सगळ्यांना घेऊन कारखान्यात गेलो असतो, बोललो असतो, चुकलं आमचं. आता ते विचारतात, तुला माहीत नव्हतं का. नव्हतं, हे सांगायची जास्त लाज वाटते मला."

"मेमध्येही मी गवताचं न विचारता गप्प बसले होते, हितेश. तेव्हा तुझ्यासाठी."

"तेव्हाही विचारायचं ना गं. गवत कोण नेतं, एवढंच ना? मी सांगितलं असतं. मला काय माहीत, तुला ते लागतं."

तिनं टेकडीबद्दल खोटेपणा केला होता तो दुरुस्त केला. पण तो दुरुस्त करताना ज्याच्यासाठी केला होता त्यालाच परका ठरवलं. आणि हे सगळं टाळणं त्याला विचारण्याइतकं साधं होतं.

मे महिना आला आणि गेला. शुभदाताईंनी हॉल रद्द केला आणि मुलीला एका शब्दानं विचारलं नाही.

सप्टेंबरात हितेशचा फोन आला. "आजोबा आजारी आहेत. तुझं नाव घेतात. त्यांना मी... काही सांगितलं नाही अजून."

ती बाळकुमला गेली. आजोबा खाटेवर अगदी लहान दिसत होते. त्यांनी तिचा हात चाचपून धरला. "सूनबाय, हलद कवा?"

कादंबरीनं हितेशकडं बघितलं. तो भिंतीकडं बघत म्हणाला, "मार्गशीर्षात, आजोबा."

"हो, आजोबा," ती म्हणाली. "मार्गशीर्षात."

"मना पुढं बसवा," म्हातारा म्हणाला. "मागं दिसत नाय."

तिला सोडायला आलेल्या हितेशनं वर्तकनगरच्या नाक्यावर गाडी थांबवली.

"आपण खोटं बोललो," ती म्हणाली.

"हो. पहिल्यांदाच दोघं मिळून."

"...खरं करता येईल."

त्यानं स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. "मला पण वाटतं गं. रोज वाटतं. पण तू कधी जरा गप्प झालीस ना, की मी घाबरणार. आता काय लपवलंय म्हणून. तुला तर विचार करायला गप्प बसावंच लागतं. रोज तुला बोल बोल करून मी थकवीन."

ती उतरली. दार हळूच लावलं. त्यानं काच खाली केली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि मग नुसता हात वर केला.

हितेशनं टेकडी गवताला सोडली, आणि मंजुळाबाई पुन्हा तिथून गवत नेऊ लागली. समोरच्या जळलेल्या उतारावर मात्र ऐन परत आला नाही. तो इतक्यात यायचाही नाही. कादंबरी अजून तीच नोकरी करते. कुठल्याही शेतावर गेली की ती आधी विचारते, इथलं गवत कोण नेतं. हितेशचं आणि तिचं लग्न झालं नाही.

राघो गणा भोईर दोन हजार पंचवीसच्या कोजागिरीला, सकाळी, बाळकुमच्या राहत्या घरी वारले.