आरशाची कड

दुकानाच्या काचेमागे रिकाम्या फ्रेमा टांगलेल्या होत्या आणि काचेत उमटलेला समोरचा रस्ता त्यांनी आपसात वाटून घेतला होता. एकीत बसथांब्याचं छत, एकीत सायकलचं चाक, एकीत नुसतंच आभाळ. ती थबकली. कॅमेरा डोळ्याला लावून दोन पावलं डावीकडे सरकली. काचेसमोर सरळ उभं राहिलं की आपणही काचेत उमटतो, आणि आपण उमटायचं नाही, हा तिचा नियम. घरांचे, दुकानांचे, काचेच्या इमारतींचे फोटो काढणं हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग. आजवर कितीक काचा टिपल्या, पण एकीतही ती कुणाला सापडली नव्हती.

बटण दाबणार, तोच दारातून आवाज आला.

"फोटो काढताय? थांबा, दिवा लावतो!"

"अहो, नको—"

दिवा लागला. काचेतलं छत, चाक, आभाळ क्षणात नाहीसं झालं. उरल्या त्या रिकाम्या फ्रेमा आणि त्यांच्यामागे कानावर पेन्सिल अडकवलेला एक हसरा माणूस.

"घालवलात ना रस्ता!" ती म्हणाली.

तो बाहेर आला. तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "आहे की जागच्या जागी. वळा नि काढा."

"मला वळून नको होता."

"असं होय. म्हणजे बघायचं, पण पाठ करून."

"दुकान तुमचं?"

"फ्रेमा माझ्या. रस्ता तुमच्या कॅमेऱ्याचा," तो म्हणाला आणि मुकाट्याने आत जाऊन त्याने दिवा मालवला.

तिने फोटो काढला. मग निघून जायचं, तर पाय दुकानाची पायरी चढले. पिशवीतलं पाकीट ती बरेच दिवस बरोबर घेऊन फिरत होती. प्रत्येक फ्रेमवाल्याच्या दारावरून आजवर पुढे गेली होती.

"वडील," पाकीट पुढे करून ती म्हणाली. "गेले. आईला भिंतीवर हवाय."

त्याने फोटो टेबलावर ठेवला. तिने नजर फोटोच्या वरच्या कडेवर ठेवली. बाबा कपाटाच्या आरशासमोर उभे राहून केस विंचरत होते.

"डावखुरे होते का?" त्याने विचारलं.

"नाही. का?"

"कंगवा डाव्या हातात आहे. शर्टाचा खिसा उजवीकडे." तो थांबला. "आरशातलाच फोटो आहे ना हा? उलटा छापला की सुलटा होईल. करू?"

"नको. आहे तसाच राहू दे."

"काच साधी की न चमकणारी?"

"साधी."

"साध्या काचेत बघणाराही दिसतो हं," तो म्हणाला. "नंतर म्हणाल, सांगितलं नाही."

आजारपणाच्या त्या वर्षभरात तिने बाबांचे खूप फोटो काढले होते. खिडकीतून, आरशातून, इस्पितळाच्या दारातल्या गोल काचेतून. समोरून एकही नाही. समोर बसलं की त्यांचा उतरलेला चेहरा बघावा लागायचा... आणि आपला दाखवावा लागायचा. बाबा तिला 'खिडकीबाई' म्हणत. पुढे तेही म्हणेनासे झाले. आपण आडोशाला उभ्या होतो हे त्यांना कधी कळलं तरी का, की ते एकटेच होते त्या खोलीत — हे आता विचारणार कुणाला?

फ्रेम घरी आली. आईने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हे कोण?"

"आई, बाबा."

"चाळीस वर्षं त्या माणसाचा भांग बघतेय मी. उजवीकडे भांग कधी पाडला होता गं त्यांनी? घेऊन जा. परक्या पुरुषाला हार घालू का मी?"

ती दुसऱ्या दिवशी दुकानात हजर.

"नापास," तिने फ्रेम टेबलावर ठेवली.

"माझं काम की तुमचं?"

"माझं. आई म्हणते, भांग चुकला."

तो हसला, मग तिच्याकडे बघून हसू आवरतं घेतलं. सुलटा फोटो छापून आणायचं ठरलं. ती तो घेऊन आली. मग फ्रेमचा रंग ठरवायला आली. मग ठरलेला रंग बदलायला. त्यानंतरच्या खेपेला तिच्याजवळ कारणच नव्हतं, आणि त्याने ते विचारलंही नाही. नुसतं दुसरं स्टूल पुढे सरकवलं. चौकटी जोडताना तो बोलत असे आणि खिळा ठोकायच्या वेळी तेवढा गप्प. ती त्याच्याकडे बघे ती दुकानात टांगलेल्या तीन आरशांमधून. इथे अर्धा कान, तिथे मनगट. एकदा तिन्ही आरशांत तो एकदम तिच्याकडेच बघताना सापडला. तिने घाईने लेन्स पुसायला घेतली.

"झाकण लावलंय," तो म्हणाला.

"काय?"

"लेन्सला. झाकण पुसताय तुम्ही."

त्या दिवशी त्याने दोन्ही फोटो शेजारी शेजारी मांडले. आरशातले बाबा आणि सुलटे बाबा. फोटोभोवती बसवायचा पांढरा जाड कागद, माउंट, हातात घेऊन तो जरा घुटमळला.

"एक विचारायचं होतं. माउंट लावलं की फोटोची कड थोडी झाकते. सगळ्यांचीच झाकतो मी. पण इथे... कडेला एक बाई आहे. तिला झाकू की ठेवू?"

"बाई? त्यात बाई कुठली?"

त्याने पेन्सिलीचं टोक टेकवलं. आरशाची कड तिरकी घासलेली होती, आणि बोटभर रुंदीच्या त्या तिरक्या काचेने, दाराआड उभ्या असलेल्या कुणाला तरी पकडलं होतं. कॅमेऱ्याचा कोपरा, एक कानातलं, थोडा गाल.

ती होती.

"शक्य नाही. मी बाजूला उभी होते."

"होतात. कडेने चहाडी केली." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "बाबा कुणाकडे बघतायत, पाहिलंत?"

"आरशात. केस विंचरताना माणूस आरशातच बघतो."

"स्वतःच्या भांगाकडे बघणाऱ्याचे डोळे वर असतात. पाहा ना जरा."

तिने फोटोची वरची कड पाहिली होती. खिसा, कंगवा, भांग, सगळं पाहिलं होतं. डोळे तेवढे पाहिले नव्हते; धीरच झाला नव्हता. आता पाहिले. बाबांचा कंगवा केसांत अडकून राहिला होता आणि ते आरशातून थेट तिच्याकडे बघत होते. थकलेले, किंचित मिस्किल. चोर सापडल्यावर बघावं तसे.

त्याने पाण्याचा पेला तिच्याजवळ ठेवला आणि पाठ करून काच पुसत राहिला. स्वच्छच होती काच.

"ठेवा," शेवटी ती म्हणाली. "बाईला ठेवा."

"माउंट आधीच तसं कापलंय," तो पाठमोराच म्हणाला. "ती झाकायला... माझा हात होईना."

फ्रेम न्यायला आई स्वतः आली. चष्मा लावून तिने फोटो तपासला आणि मान हलवली. "हा भांग." मग बोट कडेवर थांबलं. "आणि ही कोण? खिडकीबाई?" बराच वेळ ती तशीच बघत राहिली. "बरं झालं. एकटे नव्हते म्हणजे." पदराला डोळे पुसून तिने फ्रेमवाल्याला एकदा नखशिखांत न्याहाळलं, फ्रेम काखेत मारली आणि लेकीला म्हणाली, "तू ये सावकाश. मी काही वाट चुकत नाही."

आई वळणापलीकडे जाईपर्यंत दोघंही रस्त्याकडेच बघत होती.

"माझा एक काढाल?" त्याने विचारलं. "काचेमागे उभा राहतो. दिवा नाही लावत, शपथ!"

"नको. बाहेर या."

तो बाहेर आला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. एक खिशात घातला, परत काढला. मध्ये काच नव्हती, आरसा नव्हता. ती बाजूला न सरकता सरळ समोर उभी राहिली.

"कुठे बघू?"

"माझ्याकडे."

"तेच करतोय की... केव्हापासून."

बटण दाबलं गेलं. तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि पाहतच राहिली. चेहरा पुसट, कानावरच्या एका पेन्सिलीच्या दोन पेन्सिली.

"हललाय," ती म्हणाली.

"मी तर श्वाससुद्धा घेतला नव्हता!"

तिने कॅमेरा खाली घेतला. वर बघून म्हणाली,

"मी हलले."