पाठीवरची शेतं

डॉ. निशिगंधा दर बुधवारी रोह्याहून पेणच्या दवाखान्यात यायची. तिचा कुणावर आंधळा विश्वास नसे, स्वतःच्या डोळ्यांवरही नाही. म्हणून सोरायसिसच्या चट्ट्यांवर पारदर्शक कागद ठेवून ती त्यांच्या कडा पेनाने गिरवून घेई. पुढच्या खेपेला तोच कागद अंगावर ठेवला की चट्टे किती आटले ते कळे.

किमया तेवीस वर्षांची. जन्मापासून डाउन सिंड्रोम, पुढे थायरॉईड, वजन, मग शुगर; आणि सगळ्यांवर कडी म्हणून पाठभर चट्टे. खाजवून खाजवून रक्त काढायची, पण गिरवताना मात्र खुदुखुदु हसायची. नेहमीच्या गोळ्या तिच्या लिव्हरला झेपणाऱ्या नव्हत्या, म्हणून महिन्याला एक इंजेक्शन ठरलं.

पहिल्या इंजेक्शननंतर खांद्याजवळचा चट्टा गेला. निशिगंधाला मनापासून आनंद झाला. किमयाची आई रंभा मात्र पदराचं टोक पिळत बसली होती. त्यांचं घर धरमतरच्या खाडीकाठी.

"काय झालं, रंभाताई?"

"काय नाय, म्याडम. बांधाला खांड पडली. शेजारच्या सखाच्या शेतात खारं पानी घुसलं."

दुसऱ्या महिन्यात मधला मोठा चट्टा गेला. मिठागर बुडाल्याचं रंभाने जाता जाता सांगितलं.

तिसऱ्या महिन्यात इंजेक्शन देऊन झाल्यावर निशिगंधाने कौतुकाने पहिला कागद काढला. "बघा, किती होतं!"

रंभाने तो आजवर नीट पाहिलाच नव्हता. तिने तो टेबलावर फिरवून सरळ केला आणि एकेका चट्ट्यावर बोट ठेवत गेली.

"हा सखाचा तुकडा. हे मिठागर. ही आमची वाट."

"योगायोग असतो, रंभाताई," निशिगंधा म्हणाली. तरी तिने मोबाईलवर गावाचा नकाशा उघडला, लहानमोठा केला आणि कागद त्यावर धरला.

कडेला कड बसली.

किमयाच्या कमरेवर एकच चट्टा उरला होता. लहानसा, चौकोनी. रंभाने तो तळहाताने झाकला.

"ह्यो राहू द्या, म्याडम. आमी हितं निजतो."

रिकामी सिरिंज ट्रेमध्ये पडली होती.

किमया आज हसत नव्हती. "आये, ओलं लागतंय," ती म्हणाली.

निशिगंधाने आईचा हात हळूच बाजूला केला. कातडी कोरडी ठणठणीत होती. चट्ट्याची खाडीकडची कड तेवढी पुसली गेली होती.